विस्मरणाच्या वाटेवर यंत्राचा आधार किती?

संध्याकाळी सहाच्या सुमारास मालाड पश्चिमेला सोमवार बाजारात आणि स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. भाजीच्या हातगाड्या, रिक्षांच्या रांगा, कामावरून परतणाऱ्यांचे लोंढे. या गर्दीतून पंचाहत्तरी ओलांडलेली एखादी बाई पिशवी घेऊन फलाटाच्या दिशेने चालली असेल, तर तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. पाहण्याचे कारणही नसते. साडी नीटनेटकी असते, चाल ठाम असते, आणि कोणी विचारलेच तर ‘घरी चालले आहे’ असे ती स्वच्छ शब्दांत सांगते. मात्र ते घर गिरगावातल्या एका चाळीत असते आणि ते सोडून तिला चाळीस वर्षे झालेली असतात. चर्चगेटकडे जाणारी धीमी लोकल तिला घेऊन निघून जाते, तेव्हा मालाडच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातून बाहेर आलेल्या सुनेला फक्त उघडे दार दिसते.

हे चित्र कोणा एका घराचे नाही. ते उपनगरांतल्या अनेक घरांच्या मनात असलेल्या धास्तीचे आहे. गिरगाव, परळ, दादर सोडून मालाड-कांदिवली-बोरिवलीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची पहिली पिढी आता ऐंशीच्या घरात पोहोचली आहे. मुले नोकरीला अंधेरी, वांद्रे-कुर्ला संकुलात किंवा थेट परदेशात. अशा घरात स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, शिरला की तो एकट्या रुग्णाचा आजार राहत नाही. भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींच्या पाहणीवर आधारित आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या वयोगटात डिमेन्शियाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख इतके आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये ते अधिक आहे. २०३६ पर्यंत ही संख्या सुमारे १ कोटी ६९ लाखांवर जाईल, असा अंदाज याच अभ्यासकांनी मांडला आहे.

या आजारात, विशेषत: त्याच्या अल्झायमर या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात, आठवणी साधारणपणे उलट्या क्रमाने पुसल्या जातात. सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, पण साठ वर्षांपूर्वीच्या जिन्याच्या पायऱ्या आठवतात. त्यामुळे ‘भटकणे’ हा शब्द आपण वापरतो तो तितकासा बरोबर नाही. बाहेरच्यांना ते भटकणे वाटते. जाणाऱ्याच्या दृष्टीने तो एक निश्चित प्रवास असतो. ब्रिटनमध्ये अशा रुग्णांची माहिती आगाऊ भरून ठेवण्याच्या पोलिसी पद्धतीला ‘हर्बर्ट प्रोटोकॉल’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या मोहिमेत लढलेल्या जॉर्ज हर्बर्ट या डिमेन्शियाग्रस्त सैनिकावरून हे नाव पडले. आपले लहानपणीचे घर शोधायला ते बाहेर पडले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. नॉर्मंडीचा सैनिक असो की गिरगावची आजी, दोघेही घरीच निघालेले असतात.

बाजाराने या धास्तीवर उत्तरे आणली आहेत. गळ्यातले क्यूआर कोडचे लॉकेट, जीपीएस बसवलेले घड्याळ, पिशवीत टाकायची ब्लूटूथची चकती, दार उघडताच मुलाच्या मोबाइलवर सूचना पाठवणारा सेन्सर, वेळेला वाजणारी गोळ्यांची डबी, ठरावीक वेळाने आपोआप बंद होणारा गॅस, खोलीतला कॅमेरा. ही साधने उपयोगी आहेत का, याचे उत्तर ‘होय’ असेच आहे. परंतु नेमकी कोणत्या अटीवर उपयोगी आहेत, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही.

दोन घटना, एक धडा

मुंबईतल्याच दोन घटना पाहा. सप्टेंबर २०२३ मध्ये वरळीतून हरवलेला, बौद्धिक अपंगत्व असलेला बारा वर्षांचा मुलगा कुलाब्यात सापडला. त्याला स्वत:चा पत्ता सांगता येत नव्हता. पण त्याच्या गळ्यात ‘प्रोजेक्ट चेतना’ या उपक्रमातून मिळालेले क्यूआर कोडचे लॉकेट होते. पोलिसांनी ते स्कॅन केले, पालकांशी संपर्क झाला आणि काही तासांत मुलगा घरी पोहोचला. दुसरी घटना डिसेंबर २०२५ मधली. शिवडीतील ७९ वर्षांच्या आजी संध्याकाळी फेरफटका मारायला बाहेर पडल्या आणि परतल्या नाहीत. नातवाने त्यांच्या गळ्यातल्या माळेत बसवलेले जीपीएसचे उपकरण सुरू केले, तेव्हा ठिकाण दिसले ते परळच्या केईएम रुग्णालयाचे. दुचाकीच्या धडकेत जखमी झालेल्या आजींना लोकांनी तिथे नेले होते.

एक घटना अपंगत्वाची, दुसरी अपघाताची. दोन्हींच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र डिमेन्शियाच्या रुग्णाचाच आहे: जी व्यक्ती ‘मी अमुक, राहणार तमुक’ असे सांगू शकत नाही, तिच्या वतीने कोण बोलणार? आणि दोन्ही घटनांत यंत्राइतकीच महत्त्वाची आहेत ती यंत्राच्या अलीकडची-पलीकडची माणसे. लॉकेटवरचा तो काळा-पांढरा चौकोन म्हणजे काय, हे पोलिसाला ठाऊक होते. जखमी आजींना उचलून रुग्णालयात नेण्याइतके रस्त्यावरचे लोक संवेदनशील होते. नातवाने आधीच उपकरण बसवून ठेवले होते आणि ते कसे वापरायचे हे त्याला माहीत होते. यातला एक दुवा निखळला असता तर तेच लॉकेट नुसते लॉकेट राहिले असते.

यंत्राच्या मर्यादा

ही साधने कशी चालतात हे समजून घेतले की मर्यादा आपोआप स्पष्ट होतात. क्यूआर कोडला ना बॅटरी लागते, ना सिमकार्ड. ते स्वस्त आहे आणि वर्षानुवर्षे टिकते. पण ते मुके असते. कोणीतरी जवळ येऊन, मोबाइल काढून, ते स्कॅन करेपर्यंत त्याचा काहीच उपयोग नाही. जीपीएसचे उपकरण स्वत:हून ठिकाण कळवते. पण त्याला आत सिमकार्ड लागते, नेटवर्क लागते आणि दर एक-दोन दिवसांनी चार्जिंग लागते. कुरारच्या अरुंद गल्ल्यांत किंवा उंच इमारतींच्या दाटीत उपग्रहाचा संकेत नीट पोहोचत नाही आणि नकाशावरचा ठिपका शंभर-दोनशे मीटर इकडेतिकडे सरकतो. लोकलमध्ये बसलेल्या माणसाचा ठिपका तर सतत पळत असतो. ब्लूटूथच्या चकतीला स्वत:चे जीपीएस नसतेच. ती आजूबाजूच्या अनोळखी मोबाइलच्या आधाराने आपला पत्ता कळवते. मालाड स्टेशनच्या गर्दीत हे उत्तम चालते. मार्वेच्या खारफुटीकडे किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, जिथे मोबाइल घेऊन चालणारे माणूसच नाही, तिथे ती गप्प बसते. शिवाय अशा चकत्या मूलत: किल्ल्या आणि सामान शोधण्यासाठी बनवलेल्या आहेत, हेही लक्षात ठेवायला हवे.

म्हणजे ज्या रुग्णाला दिवस-रात्रीचे भान नाही, त्याच्या सुरक्षिततेचा धागा त्याच्या मुलाने रात्री न विसरता लावलेल्या चार्जरला बांधलेला असतो. तंत्रज्ञानाने काळजी घेणाऱ्याचे काम संपवलेले नसते. त्याचे स्वरूप बदललेले असते.

परदेशातला एक अभ्यास याबाबत डोळे उघडणारा आहे. इंग्लंडमध्ये ‘अटिला’ या नावाने झालेल्या चाचणीत डिमेन्शियाच्या ४९५ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाच्या घरी गरजांचे मूल्यमापन करून साहाय्यक यंत्रणांचा पूर्ण संच बसवला गेला. दुसऱ्याला धुराचा इशारा, गोळ्यांची डबी यांसारखी मोजकी साधने दिली गेली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पूर्ण संच मिळालेले रुग्ण अधिक काळ स्वत:च्या घरी राहू शकले, असे दिसले नाही. काळजी घेणाऱ्यांवरचा भारही लक्षणीयरीत्या कमी झाला नाही. यावरून साधने टाकाऊ ठरत नाहीत. पण ‘सगळे बसवून टाका म्हणजे आईची काळजी मिटली’ हा जो समज परगावी किंवा परदेशी असलेल्या मुलांच्या मनात अपराधी भावनेतून तयार होतो, त्याला मात्र या निष्कर्षाने धक्का बसतो.

आईला विचारले होते का?

साधन निवडताना पहिली चूक होते ती इथे. उपकरण मुलाच्या सोयीने निवडले जाते आणि आईच्या अंगावर चढवले जाते. मनगटावर अचानक आलेला रबरी पट्टा तिच्या लेखी परका असतो. ती तो काढून उशीखाली ठेवते, नाही तर बादलीत टाकते. मग घरच्यांना वाटते की आई हट्टी झाली. वस्तुत: नवी वस्तू शिकण्याची क्षमता या आजारात आधी जाते, तर हाताला पडलेली सवय शेवटपर्यंत टिकते. ज्या वडिलांनी पन्नास वर्षे रोज सकाळी घड्याळ बांधले, त्यांच्यासाठी घड्याळातले उपकरण योग्य. ज्या आईने गळ्यातली माळ कधी काढली नाही, तिच्यासाठी माळच योग्य. शिवडीच्या घटनेत उपकरण माळेत होते, हा तपशील म्हणूनच महत्त्वाचा आहे. हाच नियम घरालाही लागू पडतो. नव्या इंडक्शनच्या शेगडीपेक्षा ओळखीच्या शेगडीला बसवलेला आपोआप बंद होणारा नॉब बरा; बोलणाऱ्या यंत्रापेक्षा मोठ्या आकड्यांची दिनदर्शिका आणि न्हाणीघराच्या दारावर चिकटवलेले चित्र पुष्कळदा अधिक कामाचे.

परंतु ओळखीच्या वस्तूत उपकरण बसवणे वेगळे आणि ते चोरून बसवणे वेगळे. डिमेन्शियाचे निदान होते तेव्हा बहुतेक रुग्णांना बरेच काही समजत असते, बोलता येत असते, नाही म्हणता येत असते. हाच काळ विचारण्याचा असतो: ‘आई, तू बाहेर गेलीस तर आम्हाला कळावे असे तुला वाटते का? घरात कॅमेरा चालेल का? कुठल्या खोलीत नको?’ आपल्याकडे हा संवाद होत नाही. एकतर निदानच आईपासून लपवले जाते, नाही तर ‘तिला काय कळणार’ असे गृहीत धरले जाते. मग दोन वर्षांनी निजायच्या खोलीत कॅमेरा बसतो आणि ज्या बाईने आयुष्यभर पदर सावरून वावरण्याची शिस्त पाळली, तिचे कपडे बदलणे मुलगा-सून कार्यालयात बसून पाहू शकतात. ब्यूरोकडून आलेल्या मावशींनाही आपण कॅमेऱ्याखाली आहोत हे पुष्कळदा सांगितलेले नसते. सुरक्षितता महत्त्वाची आहेच. पण ज्याची स्मृती गेली त्याची लाजही गेली, असे समजण्याचा अधिकार कोणालाच नाही.

कायदा या दाराच्या आत येत नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ हा व्यक्तीने निव्वळ घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू नाही. उपकरण विकणाऱ्या आणि ठिकाणाची नोंद साठवणाऱ्या कंपनीला तो लागू होतो. पण अपंग व्यक्तीच्या बाबतीत तो कायदेशीर पालकाची संमती मागतो, आणि डिमेन्शियाच्या बहुसंख्य रुग्णांना कायद्याने नेमलेला पालक नसतोच. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. तोवर आणि त्यानंतरही, घरातली मर्यादा घरानेच आखायची आहे.

ओटीपीच्या आडची पोकळी

साहाय्यक तंत्रज्ञानाची चर्चा लॉकेट-कॅमेऱ्यापाशी थांबते, पण रोजच्या जगण्यात आणखी एक तंत्रज्ञान आईच्या आड येते. बँकेचा ओटीपी, निवृत्तिवेतनासाठीचे जीवन प्रमाणपत्र, वीजबिलाचे ॲप. चेहऱ्यावरून ओळख पटवून जीवन प्रमाणपत्र घरबसल्या मोबाइलवरून देण्याची सोय झाली, ही अंथरुणाला खिळलेल्यांसाठी निश्चितच दिलाशाची गोष्ट आहे. पण ओटीपीचे काय? बहुतेक घरांत याचे उत्तर ठरलेले असते: आईचा मोबाइल मुलाच्या खिशात असतो.

हा व्यवहार प्रेमापोटी चालतो, पण त्याला कायद्याचा आधार नाही. अनेकांना वाटते की आईकडून मुखत्यारपत्र करून घेतले की झाले. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती विकल मनाची झाली की ते मुखत्यारपत्र संपुष्टात येते. म्हणजे ज्या दिवशी त्याची खरी गरज लागते, त्याच दिवशी ते निरुपयोगी होते. इतर काही देशांत आजारानंतरही टिकणारे मुखत्यारपत्र आहे, आपल्याकडे नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे; काही कुटुंबे उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घेतात. पण महिन्याच्या औषधांसाठी आईच्या खात्यातून काही हजार रुपये काढायला न्यायालयाची पायरी चढणे मालाडमधल्या सामान्य नोकरदाराला परवडणारे नाही. उपचारांपुरता एक मार्ग आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि भान यांच्या गंभीर बिघाडाचा समावेश आहे. त्याखाली व्यक्तीला क्षमता असतानाच आपल्या उपचारांविषयीची इच्छा लिहून ठेवता येते आणि आपल्या वतीने निर्णय घेणारा प्रतिनिधी नेमता येतो. ही तरतूद फारच थोड्यांना ठाऊक आहे. बँकेतले संयुक्त खाते, नामनिर्देशन आणि हा कागद, या तिन्ही गोष्टी निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत व्हायला हव्यात. कोणतेही लॉकेट घेण्याइतकीच ती निकड आहे.

यादीत गुडघा आहे, स्मृती नाही

आता सरकारकडे वळू. केंद्राची ‘राष्ट्रीय वयोश्री योजना’ २०१७ पासून दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना काठी, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी, चाकाची खुर्ची अशी साधने देते. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री वयोश्री योजना’ आणली. ६५ वर्षांवरील, वार्षिक दोन लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या व्यक्तीला साधने घेण्यासाठी एकदा तीन हजार रुपये थेट खात्यात देण्याची ही योजना. तिच्या यादीत चष्मा आहे, श्रवणयंत्र आहे, काठी, चाकाची खुर्ची, वॉकर, कमोड खुर्ची आहे. गुडघ्याचा, कमरेचा आणि मानेचा पट्टा आहे. डोळा, कान, गुडघा, कंबर, मान या सगळ्यांची आठवण ठेवणाऱ्या या यादीत स्मृतीसाठीचे एकही साधन नावानिशी नाही. मालवणी किंवा आप्पा पाड्याच्या वस्तीतल्या ज्या घरात दोघेही दिवसभर कामावर असतात आणि म्हातारी एकटी असते, तिथे नुसते क्यूआर कोडचे लॉकेट किंवा साधी गोळ्यांची डबी किती मोलाची ठरेल! त्यासाठी तीन हजारही लागणार नाहीत.

ही मागणी काही जगावेगळी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये पन्नास अग्रक्रमाच्या साहाय्यक साधनांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात चष्मा आणि चाकाच्या खुर्चीच्या बरोबरीने गोळ्यांची डबी, सोपा मोबाइल, पडल्याची सूचना देणारे यंत्र आणि ठिकाण दाखवणारे जीपीएस उपकरणही आहे. त्याच संघटनेने २०१७ मध्ये सर्व देशांना डिमेन्शियाविषयी राष्ट्रीय आराखडा करण्याचे आवाहन केले होते. भारताने तो अद्याप केलेला नाही. केरळने २०१४ मध्ये ‘स्मृतिपथम’ हा राज्यस्तरीय उपक्रम सुरू करून दाखवला. या विषयावर १९९२ पासून काम करणारी ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्थाही मूळची केरळातलीच. महाराष्ट्रात ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, मुंबईत ‘डिग्निटी फाउंडेशन’ आणि ‘सिल्व्हर इनिंग्ज’सारख्या संस्था आहेत, परंतु या सगळ्यांना बांधणारी शासकीय चौकट नाही.

आणखी एक अडचण नकाशाची. मालाडमधून हरवलेल्या व्यक्तीची तक्रार मालाड, मालवणी, कुरार किंवा दिंडोशी यांपैकी एखाद्या पोलीस ठाण्यात होते. ती व्यक्ती लोकलमध्ये बसली की प्रकरण लोहमार्ग पोलिसांच्या हद्दीत जाते, ज्यांचे आयुक्तालय वेगळे आहे. विरारच्या बाजूची गाडी पकडली तर मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलिसांची तिसरी हद्द लागते. तासाभरात तीन आयुक्तालये ओलांडणाऱ्या आजीला हद्दी ठाऊक नसतात. बेवारस म्हणून दाखल झालेल्या वृद्ध रुग्णाची नोंद आणि हरवल्याची तक्रार यांची सांगड त्याच दिवशी लागली, तर कितीतरी घरांची रात्र वाचेल. ज्याच्या घरी जीपीएसची माळ घेण्याची ऐपत नाही, त्याला तरी याखेरीज दुसरा आधार कोणता?

जबाबदारी कोणाची?

वृद्धांची संख्या प्रचंड असलेल्या जपानने या प्रश्नाची दाहकता आपल्या आधी अनुभवली. तिथे २०२३ मध्ये डिमेन्शिया असलेल्या किंवा तशी शंका असलेल्या १९,०३९ व्यक्ती हरवल्याची नोंद पोलिसांकडे झाली. २०२४ मध्ये ती १८,१२१ होती. इरुमा या शहराने २०१६ मध्ये रुग्णाच्या नखावर चिकटवायचे छोटे क्यूआर कोड देण्याची योजना आणली. पण त्याच वर्षी झालेला एक न्यायनिवाडा अधिक मोलाचा आहे. २००७ मध्ये आइची प्रांतात ९१ वर्षांचे एक डिमेन्शियाग्रस्त गृहस्थ घरच्यांची नजर चुकवून बाहेर पडले आणि रेल्वेखाली सापडून मरण पावले. गाड्यांचा खोळंबा झाल्याची नुकसानभरपाई रेल्वे कंपनीने कुटुंबाकडे मागितली. खालच्या न्यायालयांनी ती मान्य केली होती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये वृद्ध पत्नी आणि मुलगा यांना त्या जबाबदारीतून मुक्त केले. दाराला लावलेला सूचनेचा सेन्सर त्या वेळी बंद होता की चालू, यावर तिथे बराच खल झाला होता. सेन्सर बंद ठेवला म्हणून घरची म्हातारी दोषी, अशा निष्कर्षाकडे तंत्रज्ञान समाजाला किती सहज नेऊ शकते, हे त्या खटल्यातून दिसते.

आपल्याकडेही हा धोका आहे. साधने स्वस्त होतील तसतसे ‘ट्रॅकर का नव्हता लावला?’ हा प्रश्न आधी शेजारी विचारतील, मग पोलीस, आणि शेवटी लंडनहून फोन करणारा भाऊ. काळजीचा सारा भार ज्या सुनेवर किंवा अविवाहित मुलीवर आधीच पडला आहे, तिच्यावर यंत्र सांभाळण्याचाही भार पडेल. म्हणून यंत्राबरोबर जबाबदारीची वाटणीही घरात उघडपणे व्हायला हवी: चार्जिंग कोण पाहणार, रात्रीची सूचना कोणाच्या मोबाइलवर वाजणार, ती वाजल्यावर धावणार कोण. परदेशातल्या मुलाच्या मोबाइलवर वाजलेली सूचना मालाडमध्ये दार लावायला येऊ शकत नाही. शेजारच्या वहिनींच्या मोबाइलवर वाजलेली येऊ शकते.

जपानमधल्याच ओमुता शहराने यावर काढलेला उपाय तंत्रज्ञानाचा नाहीच. तिथे दरवर्षी सराव होतो. एक स्वयंसेवक हरवलेल्या वृद्धाची भूमिका घेऊन शहरात फिरतो आणि नागरिक त्याला ओळखण्याचा, हळुवारपणे बोलते करण्याचा सराव करतात. मालाडला हे अवघड का असावे? इथली गणेशोत्सव मंडळे लाखोंच्या गर्दीत हरवलेली मुले घरी पोहोचवण्यात तरबेज आहेत. गृहनिर्माण संस्थांचे वॉचमन आहेत, रिक्षाचे थांबे आहेत, मेट्रोच्या वळनई, कुरार, दिंडोशी स्थानकांवर सुरक्षा कर्मचारी आहेत. क्यूआर कोडचे लॉकेट कसे दिसते, ते कसे स्कॅन करायचे, आणि गोंधळलेल्या वृद्धाला ‘आजी, कुठे राहता?’ असे दरडावून विचारण्याऐवजी ‘आजी, जरा बसू या का?’ असे का म्हणायचे, एवढे शिकवायला एक रविवार पुरे. २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो आणि पुष्कळदा तो गणेशोत्सवाच्या आगेमागेच येतो. महापालिकेच्या विभाग कार्यालयाने मनावर घेतले तर असा पहिला सराव मालाडमध्ये होऊ शकतो.

सोमवार बाजारातून फलाटाकडे निघालेल्या त्या आजीकडे शेवटी पुन्हा पाहू. तिच्या माळेत उपकरण आहे असे समजू. मुलाच्या मोबाइलवर ठिपका सरकतो आहे. तो अंधेरीहून निघाला आहे आणि त्याला पोहोचायला पाऊण तास लागणार आहे. या पाऊण तासात तिचे काय होणार, हे उपग्रह ठरवत नाही. ते ठरते फलाटावरच्या बाकड्यावर तिच्या शेजारी बसलेल्या अनोळखी बाईवरून. तिने ‘कुठे निघालात?’ असे सहज विचारले, गिरगावच्या चाळीची गोष्ट दोन गाड्या सोडून ऐकत बसली, तर मुलगा पोहोचेपर्यंत आई तिथेच असेल.